"लक्ष देऊ नकोस" म्हणण्यापेक्षा मुलांना काय शिकवायचं

शाळेत कोणी त्रास देत असेल तर काय करायचं असं मुलाने विचारलं की मोठी माणसं शक्यतो दोनच गोष्टी सांगतात, एक तर "लक्ष देऊ नकोस" नाहीतर "तू पण एक ठेवून दे". शिकवायला लागले तेव्हा मीही पहिलंच सांगायचे. चौथीतला एक मुलगा रोज मधल्या सुट्टीनंतर येऊन सांगायचा की मागच्या बाकावरची मुलं माझी पाण्याची बाटली फेकाफेकी करतात, आणि मी म्हणायचे, अरे लक्ष नको देऊस, कंटाळतील आपोआप. आठवड्याभरात त्याने सांगणं बंद केलं, मला वाटलं मिटलं. नंतर त्याच्या आईकडून कळलं की तो बाटलीच घरी ठेवून यायला लागला होता आणि शाळा सुटेपर्यंत तहानलेला राहायचा. तेव्हापासून मी उपदेश करत नाही, सराव घेते. पोहायला जसं बोलून शिकवता येत नाही ना, तसंच आहे हे.

पण आधी भांडण आणि बुलिंग यातला फरक मुलांनाही कळायला हवा आणि आपल्यालाही. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकापासून यावर काम केलं, त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा मी अजूनही वापरते: मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा होतं आणि दोघांची ताकद सारखी नसते. ताकद म्हणजे नुसती अंगातली नाही, ते चारजण आणि हा एकटा, तिच्याकडे हिचा एखादा फोटो आहे, त्याला सगळा वर्ग मानतो, ही सगळी ताकदच. म्हणून दोघांना समोरासमोर उभं करून "चला, सॉरी म्हणा, हात मिळवा" हे भांडणात चालतं, बुलिंगमध्ये नाही, कारण ज्याला त्रास होतोय तो मान खाली घालून हो म्हणतो आणि बाहेर गेल्यावर त्याला दुप्पट भोगावं लागतं.

आता सराव. रोज पाच मिनिटं पुरतात, घरी असो की वर्गात. त्रास देणाऱ्याचा रोल नेहमी मोठ्या माणसाने करायचा, मुलाला कधीच द्यायचा नाही, आणि खरोखर लागेल असं काही बोलायचं नाही, "तुझी बॅग कसलीये रे" इतकं बास. मुलाला तीन गोष्टी सांगायच्या, पाय घट्ट, नजर समोर, आवाज पोटातून. मग एकच छोटं वाक्य, "थांब. मला हे आवडत नाही." आणि लगेच तिथून निघून मोठ्या माणसाकडे जायचं, उत्तराची वाट बघायची नाही.

ऐकायला सोपं वाटतं पण पहिल्यांदा बहुतेक मुलांना जमत नाही. एक मुलगी माझ्यासमोर दहा वेळा "थांब ना" म्हणाली, हसत हसत, मान तिरकी करून. तो "ना" काढायला आम्हाला दोन दिवस लागले! आपण मुलांना, त्यातून मुलींना, गोड बोलायला इतकं शिकवलेलं असतं की नकारसुद्धा विनंतीसारखा येतो. अकराव्या वेळी ती नुसतं "थांब" म्हणाली, आवाज फार मोठा नव्हता पण चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि बाकीची मुलं एकदम गप्प झाली, तो फरक त्यांना आपोआप कळला. एक मात्र बजावून सांगा, समोरचा मारायला आलाय किंवा वस्तू हिसकावतोय तर वस्तू सोडायची आणि पळायचं, तिथे धीट राहून दाखवायची गरज नाही.

याच्याइतकाच मोठा सराव सांगण्याचा. मुलं सांगत नाहीत कारण त्यांना चुगलखोर व्हायचं नसतं. त्यांना मी असं सांगते, कोणाला ओरडा बसावा म्हणून सांगितलं तर ती चुगली, कोणाचा त्रास थांबावा म्हणून सांगितलं तर ती मदत. मग मी वह्या तपासतेय असं नाटक करते आणि मुलाने येऊन सांगायचं, मी मान वर न करता "नंतर सांग" म्हणते आणि त्याने परत म्हणायचं, "मॅडम, हे महत्त्वाचं आहे, मला भीती वाटतेय." कारण खऱ्या आयुष्यात पहिला मोठा माणूस बऱ्याचदा ऐकत नाही, हे कटू असलं तरी खरं आहे. हाताच्या पाच बोटांवर पाच माणसं मोजून घ्या, त्यातली निदान दोन घराबाहेरची असू देत, आणि एकाने ऐकलं नाही तर पुढच्याकडे जायचं, कोणीतरी काहीतरी करेपर्यंत.

शरीराच्या सुरक्षिततेबद्दल बोलताना फक्त "अनोळखी माणसाशी बोलू नको" वर थांबू नका, कारण लहान मुलांचं लैंगिक शोषण करणारी व्यक्ती बहुतेक वेळा ओळखीचीच निघते. अवयवांची खरी नावं शिकवा, लाडाची टोपणनावं नकोत, म्हणजे मूल सांगेल तेव्हा ऐकणाऱ्याला नीट कळेल. सरप्राइज आणि गुपित यातला फरकही सांगा, सरप्राइज थोड्या दिवसांनी सगळ्यांना कळणार असतं, पण "हे कोणालाच सांगायचं नाही" असं कोणी मोठ्या माणसाने स्पर्शाबद्दल, फोटोबद्दल किंवा गिफ्टबद्दल म्हटलं की ते लगेच पाच बोटांपैकी कोणाला तरी सांगायचं. आणि मुलाला पापी द्यायची नसेल तर घरातल्यांनीही जबरदस्ती करू नये, नाहीतर त्याच्या नकाराला किंमत आहे यावर ते कसं विश्वास ठेवणार?

बघणाऱ्या मुलांना शिकवणं मला तर सगळ्यात मोलाचं वाटतं. कॅनडातल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून निरीक्षण केलं होतं, २००१ मध्ये ते छापून आलं, त्यात दिसलं की बरोबरीची मुलं मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा त्रास १० सेकंदांत थांबला, पण मध्ये पडायचं प्रमाण मात्र कमी होतं. फिनलंडचा कीवा हा शाळांमधलं बुलिंग थांबवण्याचा कार्यक्रमही याच बघणाऱ्या मुलांवर भर देतो. मध्ये पडायचं म्हणजे मारामारी करायची नाही. न हसणं हीसुद्धा मदत आहे. "चल, तुला सरांनी बोलावलंय" म्हणून त्या मुलाला तिथून बाहेर काढणं, धावत जाऊन मोठ्याला आणणं, आणि काहीच नाही जमलं तर नंतर जाऊन "मी बघितलं, ते चुकीचं होतं" इतकं म्हणणं. हे शेवटचं तर सगळ्यात लाजाळू मुलालाही जमतं.

टीनएजर्सना रोल प्लेचा कंटाळा येतो, त्यांना एखादा प्रसंग देऊन विचारा की ग्रुपवर कोणाची अशी खिल्ली उडवली तर तू काय टाइप करशील, ते लिहायला लावा. भडकून उत्तर द्यायचं नाही, तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट, मग ब्लॉक आणि रिपोर्ट, हा क्रम पक्का करा. नग्न फोटोवरून कोणी धमकी देत असेल तर पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो पाठवायचे नाहीत, धमकीचे मेसेज डिलीट करायचे नाहीत आणि लगेच मोठ्याला सांगायचं, आणि तो फोटो पुरावा म्हणून टीचरलासुद्धा फॉरवर्ड करायचा नाही. पण हे सगळं तेव्हाच होईल जेव्हा "तू फोटो पाठवलास तरी मी आधी तुला वाचवेन, बाकीचं नंतर बोलू" हे तुम्ही आधीच, काही घडलेलं नसताना, बोलून ठेवलेलं असेल. फोन काढून घेण्याची धमकी दिलीत तर मूल तुमच्यापर्यंत येणारच नाही.

आणि आलं, तर पूर्ण ऐका. "तू काय केलं होतंस आधी?" हा प्रश्न गिळा. "बरं केलंस सांगितलंस, यात तुझी चूक नाही" म्हणा, त्याचेच शब्द तारीख आणि जागेसकट लिहून ठेवा. कोणालाच सांगणार नाही असं वचन देऊ नका, त्याऐवजी कोणाला आणि का सांगणार ते त्याला आधी सांगा. शाळेकडे तक्रार लेखी द्या. त्रास देणाऱ्या मुलाला "गुंड" म्हणून शिक्का मारू नका, त्याने नेमकं काय केलं ते स्पष्ट सांगून थांबवा, त्याच्या घरी किंवा मनात काय चाललंय तेही कोणीतरी बघायला हवं.

वर्गासाठी एक छोटं काम आहे, शाळेचा नकाशा काढा आणि मुलांना नाव न लिहिता जिथे भीती वाटते तिथे लाल ठिपका द्यायला सांगा. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त ठिपके टॉयलेटच्या बाहेर आणि जिन्याच्या वळणावर आले, जिथे सुट्टीत एकही टीचर उभा नसायचा. दुसऱ्याच दिवसापासून आम्ही तिथे पाळीने उभं राहायला लागलो, आणि महिन्याने तोच कोरा नकाशा परत वाटला.