तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर कासवांना त्रास न देता कसे वावरावे

कोस्टारिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील तोर्तुगेरो हे पश्चिम गोलार्धातील हिरव्या समुद्री कासवांच्या विणीचे सर्वांत मोठे ठिकाण मानले जाते. या कासवांचा मुख्य हंगाम जुलै ते ऑक्टोबर असल्याने प्रवास त्यानुसार आखावा. गावापर्यंत रस्ता नाही. होडीने किंवा छोट्या विमानानेच पोहोचावे लागते.

रात्री किनाऱ्यावर स्वतःहून जाऊ नये. परवानाधारक स्थानिक मार्गदर्शकाबरोबर ठरलेल्या वेळीच जाता येते आणि ही अट केवळ औपचारिक नाही. एकेकाळी हे गाव कासवांच्या शिकारीवरही जगत असे. आज त्याच कासवांमुळे पर्यटनाचे उत्पन्न मिळते, म्हणून मार्गदर्शकाचे शुल्क हा संरक्षणातला आपला सर्वांत थेट वाटा आहे. त्यात घासाघीस करू नये.

कपडे गडद रंगाचे असावेत. कॅमेरा, मोबाईल आणि विजेरी खोलीतच ठेवावी. पाण्यातून वर येणारी आणि खड्डा खणणारी मादी प्रकाशाने किंवा हालचालीने बिचकली, तर अंडी न घालताच समुद्रात परतू शकते. अंडी घालण्यास सुरुवात झाल्यावर मात्र ती सहसा थांबत नाही. म्हणूनच मार्गदर्शक तोवर पर्यटकांना किनाऱ्यामागे थांबवतात आणि नंतर मागच्या बाजूने, मंद लाल प्रकाशात, थोड्या वेळासाठी जवळ नेतात. ही प्रतीक्षा कंटाळवाणी वाटू शकते आणि एखाद्या रात्री कासव दिसतही नाही. तरीही ‘जरा पुढे जाऊन पाहू’ असा आग्रह धरू नये.

दिवसा वाळूत पिल्ले दिसल्यास त्यांना उचलून पाण्यात सोडण्याचा मोह टाळावा. त्यांच्या वाटेतून बाजूला व्हावे, पायांनी झालेले खोल खड्डे बुजवावेत आणि पिल्लू अडचणीत असल्यास तोर्तुगेरो राष्ट्रीय उद्यानाच्या कर्मचाऱ्यांना कळवावे. जॅग्वार या बिबट्यासारख्या वन्य प्राण्याने मारलेले कासव आढळले, तर ते निसर्गचक्र समजून तसेच राहू द्यावे.

स्वयंसेवक म्हणून काम करायचे असल्यास संस्था काळजीपूर्वक निवडावी. समुद्री कासवांचे अभ्यासक आर्ची कार यांच्या कार्यातून १९५९ मध्ये उभी राहिलेली सी टर्टल कॉन्झर्व्हन्सी येथे दीर्घकाळ संशोधन करत आहे. रात्रीची गस्त, कवचाचे मोजमाप, वल्ह्यासारख्या पायांना खुणेचे बिल्ले लावणे आणि घरट्यांची नोंद अशी तेथील कामे असतात. इतर संस्थांना संशोधनाचा सरकारी परवाना आहे का, हे आधी विचारावे. छायाचित्रांसाठी पिल्ले टाकीत ठेवणाऱ्या किंवा पर्यटकांच्या हाती देणाऱ्या ठिकाणी पैसे भरू नयेत.

खरेदी करताना कवचाच्या कंगव्यांपासून आणि दागिन्यांपासून दूर राहावे. समुद्री कासवांच्या सर्व प्रजाती साइट्स या वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, परिशिष्टात असल्याने अशी वस्तू भेट म्हणून भारतात आणणेही कायदेशीर कारवाईला निमंत्रण ठरते.