पॅलेट ट्रकचं हँडल बदलताय? या चुका टाळा

मध्यंतरी भिवंडीच्या एका गोडाऊनमधून पॅलेट ट्रकसाठी, म्हणजे माल उचलून हलवायच्या हातगाडीसाठी, फोन आला. "पंप गेलाय, माल चढतच नाही. येताना नवा पंपच घेऊन या." जाऊन पाहिलं तर पंप ठणठणीत. हँडलमधली साखळी तुटली म्हणून कुणीतरी बाइंडिंग वायर पिळून लावली होती, आणि तीही इतकी ताणून, की हँडलवरचा लिव्हर कुठेही ठेवा, तेल परत सोडणारा व्हॉल्व्ह अर्धवट उघडाच. हँडल मारलं की तेल फिरून टाकीत.

म्हणजे पहिली चूक, साखळी न बघता पंपाला दोष देणं. लिव्हर खाली दाबला की उचल, मध्ये न्यूट्रल, वर ओढला की माल खाली, हे सगळं त्या साखळीच्या ताणावर चालतं. साखळीच्या खालच्या टोकाला ॲडजस्टिंगचा नट असतो. पंप मारूनही फोर्क (मालाखाली जाणारे दोन लांब दांडे) चढत नाहीत, किंवा न्यूट्रलमध्ये माल आपोआप बसतो? साखळी ताठ आहे, नट थोडा सैल करा. लिव्हर ओढूनही फोर्क उतरत नाहीत, किंवा न्यूट्रलमध्ये पंप मारला तरी चढतात? मग नट आवळा. एका वेळी अर्धा फेरा, दर वेळी तिन्ही जागा तपासायच्या, आणि शेवटी लॉकनट घट्ट करायचा. तो राहिला तर आठवड्याभरात पुन्हा तेच.

पार्ट खरंच बदलायचा असेल तर दुकानात "अडीच टनी हँडल द्या" एवढं सांगून भागत नाही. अडीच टनी गाड्या दिसायला सारख्याच, पण कुणाचं हँडल बोल्टांवर बसतं, कुणाचं शाफ्टवर, कुणाला साखळी, कुणाला रॉड. खालच्या भोकांमधलं अंतर आणि पिनची जाडी मोजा, पंपावरची प्लेट मोबाइलवर टिपा. जुना पार्ट पिशवीत घालून नेलात तर उत्तमच. फोर्क ११५० मिमीचे की १२२० चे, याचा हँडलशी काही संबंध नाही. दुकानदार तरीही विचारतो.

बसवताना सगळ्यात जास्त फसगत होते ती शाफ्टच्या भोकापाशी. हँडलच्या सांध्यातल्या शाफ्टला मधोमध भोक असतं, साखळी त्यातूनच खाली जायला हवी. ती बाहेरून ओवली की हँडल खाली-वर होताना ताणली जाते, व्हॉल्व्ह उघडतो आणि चढलेला माल तिथल्या तिथे बसतो. माणूस मग दिवसभर नटाशी झटत राहतो. शाफ्ट जागेवर धरणाऱ्या पोकळ रोल पिनच्या जागी खिळा किंवा वेल्डिंग रॉडचा तुकडा तर अजिबात ठोकू नका. तो झिजतो, सरकतो आणि शाफ्ट फिरून साखळी कापतो.

आणि एक, हे जिवावरचं आहे. पंपाच्या दट्ट्याखाली जोरकस स्प्रिंग असते. नव्या गाडीत ती दाबून धरायला पिन किंवा बोल्ट येतो, तो पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातो. हँडल सोडवण्याआधी दट्ट्या दाबून तिथे योग्य पिन घातलीच पाहिजे, नाहीतर हँडल सुटताना हनुवटीवर आपटतं.

काम झाल्यावर लिव्हर ओढून धरून पंधरा-वीस पंप मारा, आत गेलेली हवा निघून जाईल.

त्या गोडाऊनमध्ये बिल झालं एका साखळीचं आणि दोन रोल पिनांचं. नवा पंप टेम्पोतून तसाच परत आला.