अँबेसिडरचं इंजिन आवळताना या चुका टाळा

अँबेसिडरचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन म्हणजे ब्रिटिशांचं बी-सिरीज. ब्लॉक बिडाचा, त्यावरचं झाकण म्हणजे हेड, तेही बिडाचं. नीट बांधलं तर वर्षानुवर्षं कुरकुरत नाही. तरीही आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी घाईघाईत आवळलेल्या नटांच्याच असतात, आणि त्यातल्या एका चुकीचा मला खरोखर वीट आला आहे.

ती चूक म्हणजे हेडला हात न लावता नुसता रॉकर शाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरांचा दांडा, काढणं. रॉकरच्या चार ब्रॅकेटवर आठ नट दिसतात. त्यातले चार लहान, ते फक्त ब्रॅकेटचे. उरलेले चार मात्र हेडचेही नट आहेत. हेडच्या एकूण अकरापैकी एका बाजूचे हे चारच सोडले की उरलेले सात हेडला वाकडं खेचतात. हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटची पकड सुटते आणि पाणी सिलिंडरमध्ये, तिथून ऑइलमध्ये उतरतं.

सांगलीकडचे एक काका, वडिलांची गाडी जपणारे. टॅपेट वाजतात म्हणून पुतण्याने रॉकर उतरवला. रेडिएटरचं पाणी तसंच, बाकीचे नट तसेच. नवा शाफ्ट बसवला आणि गळती नको म्हणून पान्याला पाईप लावून ते चार नट आवळले. दुसऱ्या दिवशी डिपस्टिकवर दुधाळ, म्हणजे पाणी मिसळलेलं ऑइल. गाडी आमच्याकडे ओढून आणली. हेड उतरवल्यावर एका स्टडवर, म्हणजे ब्लॉकमध्ये रोवलेल्या आट्यांच्या दांड्यावर, हाताने नट फिरवून पाहिला. वरचे आटे सरसर गेले, मध्येच नट अडकला. नीट पाहिलं तर तिथे स्टड कमरेत बारीक झाला होता. ताणून एकदा लांबलेला स्टड पुन्हा धरत नाही, तो फेकायचाच. हेडचं फेसिंग (तळ घासून सपाट करणं), नवे स्टड, नवं गॅस्केट, ऑइल दोनदा बदललं. पाणी काढून अकराही नट थोडे थोडे सैल केले असते, तर यातलं काहीच लागलं नसतं. हेड थोडं जरी सैल झालं तरी मी गॅस्केट नवंच घालतो. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

दुसरी चूक टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की कट्ट वाजणारा पाना, हातात असूनही होते. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडा फूट-पाउंडात असतो, नवा रेंच न्यूटन-मीटरचा. 1 फूट-पाउंड म्हणजे सुमारे 1.36 न्यूटन-मीटर. आकडा तसाच लावला तर नट पाव हिश्शाहून जास्त ढिला राहतो. उलट गफलत केली तर एक तृतीयांशाहून जास्त जोर पडतो. मी दोन्ही आकडे खडूने मडगार्डवर लिहून ठेवतो.

आट्यांचंही तेच. पान्यावरच्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला लागतो, बाकीचा घर्षणात जातो. गंजलेल्या आट्यांवर रेंच कट्ट वाजतो, पण गॅस्केटवर दाब आलेलाच नसतो. कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या आकड्यावर ऑइल लावून आवळलं तर तोच बोल्ट जास्त ताणला जातो. मॅन्युअल काय म्हणतं ते वाचा. मी आटे वायर ब्रशने घासतो, आणि नट तळापर्यंत बोटांनी फिरत नसेल तर रेंच लावतच नाही. ज्या भोकाला तळ आहे त्यात ऑइल किंवा पाणी साचलेलं असताना बोल्ट आवळू नका, द्रव दबत नाही आणि बीड तडकतं. आधी हवा मारा.

हेडचे नट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत. एका टोकाकडून सुरुवात करून पटकन उरकणाऱ्याला मी हेडजवळ उभंही करत नाही.

गाडीचे नट इंची आहेत. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, त्यावर 13चा पाना बसतो आणि हळूहळू कोपरे खातो. इंची सेट घ्या.

टॉर्क रेंचने नट सोडू नका.

नवं गॅस्केट घातल्यावर काहीशे किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, हेडचे नट पुन्हा तपासा. मग टॅपेटचा गॅप, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, हाही पाहावाच लागतो, कारण हेड बसलं की तो बदलतो. बरेच जण इथेच कंटाळतात आणि महिन्याभरात परत येतात.

टॅपेट कव्हरच्या दोन नटांना मात्र जोर लावायचा नाही. कॉर्कचं गॅस्केट चिरडलं की ऑइल झिरपतं, आणि झिरपतंय म्हणून लोक आणखी आवळतात. कॉर्क दबायला लागलं की थांबा. गळत असेल तर कव्हर काढा, पत्र्याची कडा सपाट करा आणि नवं कॉर्क घाला.