डिझाइन करायच्या आधी लोकांना वस्तू वापरताना कसं बघायचं

नवीन प्रॉडक्ट म्हटलं की आधी सर्व्हेचा फॉर्म निघतो, तो जरा बाजूला ठेवा. रोजचा त्रास अंगवळणी पडलेला असतो, विचारून तो बाहेर येतच नाही. स्वयंपाकघरातल्या वस्तू बनवणाऱ्या ऑक्सो कंपनीच्या मेजरिंग कपचं बघा, जुन्या कपात काय खटकतं विचारल्यावर लोक म्हणाले पडून फुटतो, तेलकट हातातून निसटतो, हँडल तापतं. पण प्रत्यक्षात ते ओतत होते, वाकून रेघ बघत होते, परत थोडं ओतून परत वाकत होते आणि हे वाकणं कुणीच बोललं नव्हतं! त्यावरून आत तिरकी पट्टी असलेला कप आला, ज्यात माप वरूनच दिसतं.

तर आधी एकच काम निवडा, समजा कुकर लावणं. मग माणसं, आणि सगळी आपल्या वयाची नकोत, एखाद्या सांधे दुखणाऱ्या आजी हव्यातच. ऑक्सो 1990 मध्ये सुरू झाली तीच मुळी संस्थापक सॅम फार्बरच्या बायकोला संधिवातामुळे सोलाणं धरवत नव्हतं म्हणून, आणि त्यावर काढलेली जाड रबरी मूठ पुढे सगळ्यांनाच आवडली.

खरा स्वयंपाक चालू असेल तेव्हाच जा, "करून दाखवा" म्हटलं की लोक एकदम नीटनेटकं करतात. कोपऱ्यात उभं राहा, झाकण अडकलं तरी मदत करू नका (हे फार जड जातं, पण नकोच). हात कुठे थांबतो, फडकं कधी घेतात, काय दोनदा करतात ते बघा. नॉबवर नेलपॉलिशचा ठिपका, स्विचवर पेनाने लिहिलेलं 'फॅन' असं काही दिसलं तर लगेच फोटो, अर्थात विचारून. माझ्या मते सगळ्यात मोलाचं हेच, कारण तिथे त्या माणसाने स्वतःच तोडगा काढलाय.

"मलाच मेलं जमत नाही" असं कुणी म्हणालं तर शब्दन् शब्द लिहा. शेगडीचे बर्नर दोन पुढे दोन मागे आणि नॉब एका ओळीत, मग चुकीचा नॉब फिरणारच ना, पण बाई दोष स्वतःला देतात.

वहीत दिसलं ते डावीकडे, तुम्हाला वाटलं ते उजवीकडे. "आत्ता फडकं का घेतलंत?" हे काम झाल्या झाल्या विचारा, उद्या आठवणार नाही.

दोन-तीन घरांत तीच गोष्ट दिसली की पुठ्ठ्याचं कच्चं मॉडेल करून त्याच लोकांकडे न्या. कसं वापरायचं ते सांगू नका, नुसतं हातात द्या आणि बोटं आधी कुठे जातात ते बघा.