जुन्या सेलबोटचं डेक स्वतः कसं रंगवायचं

डेक मळकं, खडूसारखं पांढुरकं दिसायला लागलं की आपण थेट रंगाच्या दुकानात जातो, पण जुन्या फायबरच्या बोटीत खरा प्रश्न रंगाचा नसतो, पाण्याचा असतो. बऱ्याच डेकमध्ये वर-खाली फायबरग्लास आणि मधे बाल्साचं हलकं लाकूड नाहीतर प्लायवूड असतं, आणि क्लीट (दोर बांधायची खुंटी), स्टँशन (रेलिंगचे खांब) वगैरेंच्या बोल्टच्या भोकांतून पाणी वर्षानुवर्षं आत मुरत राहतं. ते कुठलाच रंग थांबवत नाही. म्हणून आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळं डेक ठोकत जा, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला किंवा पाय दिल्यावर दबलं तर तिथे खडूने गोल करा. असा मोठा पट्टा निघाला तर रंग बाजूला ठेवा आणि आधी आतलं लाकूड बदला, त्याला पर्याय नाही.

मुंबईत कधी रंगवायचं हेही महत्त्वाचं. जून ते सप्टेंबर विचारही करू नका, ऑक्टोबर सरत आला की हवा कोरडी व्हायला लागते, तिथून मार्चपर्यंत चांगलं. थंडीत पहाटे दव पडतं, ते पूर्ण सुकल्यावरच सुरुवात करायची आणि दुपारचा समुद्रावरचा वारा सुटायच्या आत हात आटपायचा, कारण तो वारा ओल आणि मीठ दोन्ही घेऊन येतो. डेकचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरायला लागतं त्यापेक्षा, निदान 3 अंश सेल्सिअस जास्त हवं. वर ताडपत्री बांधा, तापलेल्या डेकवर रंग पसरायच्या आत ओढला जातो.

आता काम. जेवढ्या फिटिंग निघतात तेवढ्या काढा, त्यांच्याभोवती टेप लावून रंगवलं तर कडेपासूनच पापुद्रे सुटतात. प्रत्येकीचा फोटो काढून बोल्ट वेगवेगळ्या पिशवीत ठेवा. बोल्ट गंजले असतील तर नागदेवी स्ट्रीटला 316 ग्रेडचे स्टेनलेस मागा, 304 खाऱ्या पाण्यात लवकर डाग धरतो. मग गोड्या पाण्याने आणि साबणाने डेक धुवा, मीठ राहता कामा नये, आणि सुकल्यावर डीवॅक्सरने (वॅक्स काढायच्या द्रवाने) पुसा, दर थोड्या वेळाने फडकं बदलत. हे पॉलिश पेपर लावायच्या आधीच करायचं, नाहीतर जुनं वॅक्स घासून उलट आत जातं आणि रंग धरत नाही.

बारीक तडे स्क्रॅपरच्या कोपऱ्याने व्ही आकारात उघडून पावडर घालून दाट केलेल्या इपॉक्सीने भरा. गाड्यांची पुट्टी वापरू नका, ती पाणी शोषते. बोल्टची भोकंही जरा मोठी करून इपॉक्सीने भरायची आणि सुकल्यावर त्याच्या मधून नवीन भोक पाडायचं, म्हणजे पुढे गळती झाली तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम हेच. इपॉक्सी सुकल्यावर वर चिकट थर येतो, तो आधी पाण्याने आणि स्क्रबरने धुवा, मग 80, 120, 220 नंबरच्या पेपरने अशा क्रमाने घासा. मास्क लावल्याशिवाय फायबरची धूळ उडवू नका.

रंग कुठला? माझं मत, स्वतः करणार असाल तर एकपॅक, म्हणजे एकाच डब्यातला पॉलियुरेथेन घ्या. दोन डब्यांवाला, म्हणजे हार्डनर मिसळायचा दोनपॅक, जास्त टिकतो हे खरं, पण त्याच्या हार्डनरमधला आयसोसायनेट फुफ्फुसाला घातक असतो आणि साधा कापडी मास्क त्याला काहीच करत नाही. आणि जुना रंग थिनरच्या फडक्याने मऊ पडत असेल तर त्यावर दोनपॅक मारूच नका, खालचा थर उचलून येईल. रंग फिका ठेवा, क्रीम किंवा हलका राखाडी. मुंबईच्या उन्हात गडद डेकवर अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि शुभ्र पांढरा डोळ्यांना त्रास देतो.

आधी त्याच कंपनीचा प्रायमर, मग फोम रोलरने पातळ हात मारून लगेच ब्रशच्या टोकाने हलकेच ओढायचं, दोन हातांमध्ये 320 चा पेपर. डब्यावर जेवढा वेळ लिहिलाय तेवढा थांबाच.

चालायच्या भागात घसरू नये म्हणून नॉन-स्किड. टेपने चौकटी आखा, फिटिंगभोवती बोटभर गुळगुळीत पट्टी सोडा, कोपरे डब्याच्या झाकणाने गोल करा. ओल्या रंगावर नॉन-स्किडचे दाणे चाळणीने सारखे भुरभुरा, सुकल्यावर जास्तीचे झाडा आणि वरून दोन हात मारा. टेप शेवटचा हात ओला असतानाच काढा.

रंग पूर्ण कडक व्हायला आठवडाभर द्या, मग फिटिंग ब्युटाइल टेपवर (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) बसवा आणि बोल्ट थोडा थोडा आवळा, ब्युटाइल कडेने बाहेर येत राहील. मग एकाने वर पाइपने पाणी सोडायचं आणि दुसऱ्याने केबिनमध्ये टॉर्च घेऊन एकेका बोल्टखाली बोट फिरवायचं, जिथे ओलं लागेल ती फिटिंग काढून पुन्हा बसवायची.