गॅस गीझरचा धूर खरंच बाहेर जातो का? उदबत्तीने करायची तपासणी

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की नाशिकच्या फ्लॅटांमध्ये बाथरूमच्या काचपट्ट्यांवर पुठ्ठे चढतात. ज्या घरात गॅस गीझर आहे, तिथे हा पुठ्ठा जिवावर बेतू शकतो.

आधी गीझरच्या माथ्याकडे पाहा. तिथून बाहेर जाणारा पाइप नसेल, तर जळालेला सगळा वायू तुम्ही उभे आहात त्याच खोलीत सुटतो. १ किलो एलपीजी जाळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते आणि ६ लिटरचा गीझर पूर्ण आचेवर तासाला पाऊण ते एक किलो गॅस खातो. ४ बाय ६ फुटांच्या, ८ फूट उंच बाथरूममध्ये मुळात हवाच साडेपाच घनमीटर. ती संपायच्या कितीतरी आधी ऑक्सिजन कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ लागतो. त्याला ना वास, ना रंग. असा गीझर बाथरूममध्ये तपासून सुरक्षित होत नाही. तो मोकळ्या बाल्कनीत हलवायचा आणि आत फक्त गरम पाण्याची लाइन आणायची. वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असली तरी ती फक्त वेळ मोजते, हवा नाही.

पाइप असेल तर तो कुठे संपतो ते बाहेरून पाहा. बऱ्याच इमारतींत तो बाथरूमच्या डक्टमध्ये सोडलेला असतो. डक्ट वरून झाकलेला असेल तर धूर वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरतो, म्हणून पाइपचं तोंड मोकळ्या हवेत आणि कुठल्याही खिडकीपासून लांब हवं. पाइप धातूचाच हवा, पीव्हीसी उष्णतेने वाकतो. गीझरच्या तोंडापेक्षा कुठेही बारीक नको. गीझरवरून आधी सरळ वर जाऊन मगच वळलेला चांगला, आणि आडव्या भागाला बाहेरच्या दिशेने मीटरमागे किमान २ सेंटिमीटर चढ हवा. टोकाला टोपी आणि जाळी नसेल तर कबुतरं घरटं करतात. पावसाळाभर बंद राहिलेल्या गीझरचा पाइप दिवाळीआधी उघडून बघावाच.

आता मुख्य चाचणी. पाइप नैसर्गिक ओढीवर चालणारा असेल, म्हणजे गीझरमध्ये पंखा नसेल आणि माथ्याशी मोकळी फट असेल, तरच ती लागू पडते. आधी नळी, रेग्युलेटर आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले किंवा गॅसचा वास आला तर उदबत्ती पेटवायचीच नाही. गळती नसेल तर बाथरूमचं दार-खिडकी बंद करा, एक्झॉस्ट फॅन लावा, स्वयंपाकघरातली चिमणीही चालू करा. मुद्दाम वाईटात वाईट परिस्थिती उभी करायची आहे. गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडून ५ मिनिटं बाहेर थांबा, मग आत जाऊन पेटती उदबत्ती त्या फटीच्या कडेने फिरवा. धूर आत ओढला गेला तर ठीक. तो खोलीकडे ढकलला गेला, किंवा फटीसमोर धरलेल्या थंड स्टीलच्या ताटलीवर वाफ धरली, तर जळालेला वायू उलटा येतोय. लगेच नळ बंद करून बाहेर या. सुरुवातीचं मिनिटभर पाइप थंड असतो, तेव्हा थोडा धूर परतू शकतो. पाच मिनिटांनंतर अजिबात नको. हीच चाचणी भरपूर वारा असलेल्या दिवशी पुन्हा करा.

उलट्या ओढीचं कारण पुष्कळदा एक्झॉस्ट फॅनच असतो. ‘गॅस गीझर आहे, मग पंखा लावा’ असा सल्ला सर्रास मिळतो, पण बंद खोलीत तो पंखा बाहेरची हवा याच पाइपातून आत खेचतो. दाराच्या खालून आणि खिडकीतून कायम हवा येण्याची वाट ठेवा, ती कुणालाही बुजवू देऊ नका. पंखा बंद केल्यावरही धूर परतत असेल तर पाइप तुंबलाय किंवा गीझरच्या आत पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या पात्यांच्या फटींत काजळी बसली आहे. ज्योत निळी न राहता पिवळी, लवलवती दिसते, तेव्हा बर्नर आणि जेट (गॅस सोडणारं बारीक छिद्र) मिस्त्रीकडून साफ करून घ्या. पाइपलाइन गॅस घेतला असेल, तर सिलिंडरचा गीझर तसाच जोडू नका; दोन्हींचे जेट वेगळे असतात.

चाचणी पास झाली तरी बाथरूमजवळच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. एलपीजी गळती सांगणारा अलार्म वेगळा, तो इथे कामाचा नाही. अंघोळीनंतर डोकं दुखणं, मळमळ, पायातलं त्राण जाणं हे एकाच वेळी घरातल्या दोघांना झालं, तर गारठा किंवा पित्त समजू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या आणि १०८ ला फोन करा. ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं म्हणून थांबू नका. ते यंत्र कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या रक्तालाही ऑक्सिजनचं रक्त समजतं.