अमेरिकन फुटबॉल: फ्लॅग पडण्याआधी या चुका टाळा

नियम मोडला की पंच पिवळा फ्लॅग टाकतात. तो पडला की वाटतं, कोणीतरी आडदांडपणा केला असणार. प्रत्यक्षात बरेच फ्लॅग कोणी कोणाला हात लावण्याआधीच पडतात, आणि टाळायला सर्वांत सोपे तेच असतात.

आधी पाय बघा. चेंडूच्या दोन टोकांमधली, मैदानभर आडवी जाणारी चिंचोळी पट्टी म्हणजे न्यूट्रल झोन. स्नॅपच्या वेळी, म्हणजे सेंटर चेंडू मागे देऊन खेळ सुरू करतो तेव्हा, तिच्यात त्याच्याखेरीज कोणी असलेलं चालत नाही. जानेवारी २०१९मध्ये कॅन्सस सिटी चीफ्स संघाचा डी फोर्ड नेमका तिथे उभा राहिला. पॅट्रियट्सच्या टॉम ब्रेडीचा पास चीफ्सनी पकडला होता (याला इंटरसेप्शन म्हणतात), सुपर बोल हा अंतिम सामना हाताशी आला होता. या चुकीमुळे, म्हणजे ऑफसाइडमुळे, इंटरसेप्शन रद्द झालं आणि पॅट्रियट्स ओव्हरटाइममध्ये ३७-३१ने जिंकले. डिसेंबर २०२३मध्ये बफेलोविरुद्ध चीफ्सच्याच कडेरियस टोनीने तेच केलं. ट्रॅव्हिस केल्सीने मागे फेकलेला चेंडू घेऊन त्याने केलेलं टचडाउन गेलं, सामनाही २०-१७ने गेला. रिसीव्हरने, म्हणजे पास झेलणाऱ्याने, उभं राहताना कडेच्या पंचाकडे बघून हाताने विचारून घ्यावं. पंच बहुधा सांगतात.

फॉल्स स्टार्टही त्याच कुळातला. स्नॅपआधी चेंडू असलेल्या संघाचा लाइनमन (पुढच्या रांगेतला खेळाडू) हलला की ५ यार्ड मागे. गोंगाटात क्वार्टरबॅकची, म्हणजे पास टाकणाऱ्या सूत्रधाराची, हाक ऐकू येत नसेल तर चेंडूवर नजर ठेवा, समोरच्याच्या हुलकावणीवर नको.

होल्डिंग, म्हणजे समोरच्याला धरून ठेवणं, हाताने होतं, पण मूळ दोष पायांचा. पाय मागे पडले की हात आपोआप जर्सी धरतात. हात समोरच्याच्या छातीवर, आतल्या बाजूला ठेवा. तो वळून सुटला तर सोडून द्या. ताणलेलं कापड पंचाला लांबूनही दिसतं आणि १० यार्ड जातात. क्वार्टरबॅकला जबर मार बसणार असेल तर धरलेलं परवडतं, असं मानणारेही आहेत, आणि ते अगदीच चूक नाहीत. डिफेन्सला, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाला, मात्र हा सौदा महाग पडतो. २०२३च्या सुपर बोलमध्ये ३५-३५ अशी बरोबरी असताना, शेवटच्या दोन मिनिटांत ईगल्सच्या जेम्स ब्रॅडबरीने रिसीव्हरची जर्सी ओढली. चीफ्सना आपोआप फर्स्ट डाउन, म्हणजे पुढे सरकण्याचे नवे चार प्रयत्न, मिळाला, त्यांनी वेळ खाल्ला आणि फील्ड गोल (खांबांमधून लाथेने चेंडू) मारून सामना ३८-३५ने नेला. जर्सी ओढल्याचं ब्रॅडबरीने नंतर कबूलही केलं.

अमेरिकेतल्या मराठी आईबाबांसाठी एक वेगळी सूचना. टीव्हीवरचे एनएफएलचे, म्हणजे व्यावसायिक लीगचे, नियम मुलाच्या हायस्कूलच्या सामन्याला लावून गॅलरीतून ओरडू नका. एनएफएलमध्ये डिफेन्सने पास घेणाऱ्याला नियमबाह्य अडवलं (पास इंटरफिअरन्स) तर चेंडू गुन्ह्याच्या जागी जातो आणि फर्स्ट डाउन मिळतो. बहुतेक राज्यांत शाळेच्या सामन्यात सरळ १५ यार्ड, आपोआप फर्स्ट डाउन नाही. डिफेन्सचा खेळाडू आधीच पुढे आला तर एनएफएलचा क्वार्टरबॅक बऱ्याचदा लांब पास टाकून नशीब आजमावतो. शाळेत शिट्टी लगेच वाजते, खेळ तिथेच थांबतो.